तीन शेगड्या आणि फोरमनचे नाक

मी एक जुनी कोळशाची शेगडी आहे. घराच्या मागील अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, चार पायांवर उभी असते. खरे सांगायचे तर साडेतीन पायांवर. कारण माझा चौथा पाय जन्मतःच आखूड राहिला व त्याखाली आजही एक वीट आहे. मित्रांनो, माझ्या पोटात आजवर कित्येक पोती कोळसा जळून गेला. परंतु त्याच पोटात मी एक गुपितही दडवून ठेवले होते, आणि त्या गुपिताने एका रविवारी भर दुपारी एका सुखी घराचा घास घेतला असता. ती हकिकत सांगण्याकरिता मी आज तोंड उघडीत आहे. तोंड म्हणजे माझे झाकण.

माझा जन्म बसगाड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात झाला. तेथील फोरमनने वंगणाचे एक रिकामे पिंप उभे चिरले, आतून वाळूने घासून लख्ख केले आणि एका अर्ध्याला बिजागऱ्या लावून त्याचे झाकण बनविले. माझे पाय म्हणजे मोडीत निघालेल्या बसच्या आसनांच्या नळ्या. माझी मूठ म्हणजे उभ्या प्रवाशांनी धरावयाचा दांडा. हजारो हातांनी तो आधीच गुळगुळीत केला होता. फोरमन मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आला, तेव्हा त्याची पत्नी, जिला घरात सर्व जण माई म्हणतात, ती दारात उभी राहून म्हणाली, "अहो, घरात दोन लेकरं आहेत, तिसरं कुठून आणलंत?"

फोरमनने माझ्या तळाशी झडपेची एक छोटी खिडकी ठेवली होती. मागच्या अंगणात वारा फार. काडी लावावी तो विझे. म्हणून त्याने स्वतःची रीत बसविली: आधी झाकण पाडायचे, मग वर्तमानपत्राची घट्ट सुरळी पेटवून खालच्या खिडकीतून आत सारायची. झाकण खाली, विस्तव आत, वारा बाहेर. मित्रांनो, ही रीत ध्यानात ठेवा. पुढे तीच आमच्या मुळावर आली.

कोळशाची कामगिरी सोपी नसते. पेटल्यावर अर्धा तास तो काळ्याचा तांबडा आणि तांबड्याचा करडा होईपर्यंत वाट पाहावी लागते. घाई केली तर बाहेरून करपते व आतून कच्चे राहते. पण फोरमन घड्याळाकडे कधी पाहत नसे. डोळे मिटून, माझ्या झरोक्यातून येणारा धूर नाकाने ओढी आणि म्हणे, "आता उलटा." उलटावे तो कोंबडीची कातडी सोन्यासारखी झालेली असे. कणसे, वांगी, कांदे, मासा, सगळ्यांची वेळ त्याच्या नाकाला पाठ होती. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून माना उंचावून विचारीत, "फोरमनसाहेब, आज काय?" ती माझी भरभराटीची वर्षे होती.

मग गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. नऊ दिवस तो अंगणात फिरकला नाही. दहाव्या दिवशी आला, मला पेटविले, जाळीवर कांदे मांडले आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटून उभा राहिला. कांदे शिजले, तांबूस झाले, काळे पडू लागले. तो तसाच उभा. शेवटी कांद्यांवरच्या तेलाने पेट घेतला व ज्वाळेची धग तोंडाला लागली तेव्हा कोठे तो दचकून मागे सरला. त्याने एक जळका कांदा चिमट्यात धरून नाकाशी नेला. मग कुंपणाजवळचा पुदिना चुरगळून हुंगला. मग रॉकेलच्या बाटलीचे बूच काढून हुंगले. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा अधिकच उतरत गेला.

सरतेशेवटी माझ्या मुठीवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "तुला तोंड आहे पण जीभ नाही, हे बरं आहे बघ. कुणाला सांगू नकोस."

आणि मी नाही सांगितले. कसे सांगणार?

तेव्हापासून त्याने सोंग सुरू केले. धुराचा रंग पाहून अंदाज बांधावा, बोटांवर मिनिटे मोजावीत, आणि कोणी जवळ आले की नाक फुगवून म्हणावे, "वा! काय घमघमाट!" माणूस निवृत्त झाला की त्याच्या हातचे एकेक काम कमी होत जाते. आगीपाशी उभे राहून चौघांना खाऊ घालणे, एवढेच त्याचे उरले होते. नाक गेल्याचे कळले तर मुले तेही काढून घेतील, ही त्याला धास्ती होती.

अशातच माझ्यावर संकट आले. त्याची थोरली मुलगी, ताई, दवाखान्यात परिचारिका आहे. तिने वडिलांचे कष्ट वाचावे म्हणून चकचकीत गॅसची शेगडी आणली. तीन बटणे, काचेचा तापमापक, खाली सिलिंडर. त्याच आठवड्यात धाकट्या मुलाने एक उभा काळा स्मोकर आणून ठेवला. त्यात भिजविलेल्या लाकडाच्या धुरावर मांस दहा दहा तास मुरत ठेवतात. धाकटा मोटार चालवायला शिकवितो, त्यामुळे सावकाश जाणाऱ्या वस्तूंवर त्याचे प्रेम आहे.

"बाबा, बटण फिरवलं की झालं," ताई म्हणाली. "राख नाही, काजळी नाही, खोकला नाही."

"आणि चव पण नाही," धाकटा म्हणाला. "ताई, तुझ्या गॅसवर भाजलेलं म्हणजे सलाईन लावल्यासारखं. पोट भरतं, कळत काहीच नाही."

"आणि तुझं मांस शिजेपर्यंत पाहुणे म्हातारे होतात त्याचं काय?"

माईने दोघांपुढे हात जोडले. "भांडू नका. छपराखाली एकीचीच जागा आहे. येत्या रविवारी तिन्ही पेटवा. जी सरस ठरेल ती राहील, बाकीच्यांनी आपलं बिऱ्हाड हलवायचं."

"पण ठरवणार कोण?"

"बाबा," धाकटा लगेच म्हणाला. "डोळ्यांवर पट्टी बांधू. नुसत्या वासावर सांगतील. बाबांचं नाक म्हणजे हायकोर्ट!"

फोरमन हसला. मग माझ्या लख्ख मुठीवरची नसलेली काजळी तो पुसत राहिला.

रविवार उजाडला. धाकट्याने पहाटेच स्मोकर पेटविला होता. अकराच्या सुमारास फोरमनने मला पेटविले. माझे कोळसे तांबडेलाल झाले. माझ्यापासून दोन पावलांवर गॅसची शेगडी उभी होती. तिचा खटका दाबला तर नुसते टक् टक् होई, ठिणगी पडेना. त्यात सेलच घातलेला नव्हता.

"भिंतीवरच्या घड्याळातला काढून आणते," ताई म्हणाली. "बाबा, मी येईपर्यंत बटणाला हात लावू नका हं."

धाकटा बर्फ आणावयास कोपऱ्यावर गेला होता. माई स्वयंपाकघरात कोंबडीला मसाला चोळीत होती. अंगणात फोरमन एकटा राहिला.

"हात लावू नका म्हणे," तो पुटपुटला. "एकतीस वर्षं इंजिनं उघडली मी. ठिणगीवाचून अडतंय होय माझं?"

मित्रांनो, त्याने आधी गॅसच्या शेगडीचे झाकण पाडले. माझ्यासोबत जन्मभर पाडीत आला तसेच, न चुकता. मग तिन्ही बटणे फिरवून ठेवली. आणि मग तो वर्तमानपत्र शोधू लागला.

कोळशात आग आधी असते आणि हवा नंतर लागते. गॅसचे उलटे. तेथे झाकण आधी उघडावे, काडी आधी पेटवावी, बटण शेवटी. नाहीतर वायू झाकणाखाली कोंडतो, कडेकडेने ओघळतो व जड असल्यामुळे जमिनीलगत पाण्यासारखा पसरतो. त्या वायूला दर्प देतात तो याचसाठी, की नाक असलेल्या कोणालाही कळावे. पण येथे नाक कोणाला होते? बारीक फुसफूस होत होती. आयुष्यभर इंजिनांच्या गर्जनेत उभ्या राहिलेल्या त्या कानांना ती ऐकू गेली नाही. आणि दोन पावलांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, माझी खिडकी उघडी होती व आत निखारे होते. त्याला काडी शोधण्याची गरजच नव्हती. काडी मीच होते.

फोरमनला छपराच्या फळीवर वर्तमानपत्र सापडले. त्याने निवांतपणे पान फाडले, दुमडले, पीळ दिला. त्याच्या सुरळ्या नेहमीच सुबक असत. मी मनात म्हणत होते, आणखी एक पीळ दे, बाबा, आणखी एक. वारा यावा म्हणून मी आतुर झाले. आणि ज्या वाऱ्याला आम्ही वर्षानुवर्षे शिव्या दिल्या, तो नेमका त्या दिवशी पडलेला होता.

ताईला घड्याळ भिंतीवरून काढता येईना. तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून माईने विचारले, "अहो, वास येतोय का हो?"

"येतोय की!" फोरमन उत्साहाने म्हणाला. "झकास येतोय!"

माई थबकली. तिच्या नाकाला काही तरी निराळेच लागले होते. पण हे घरातले हायकोर्ट झकास म्हणते आहे, तर आपलाच भ्रम असेल, असे तिला वाटले असावे. ती खिडकीपासून दूर झाली. मित्रांनो, त्या एका खोट्या शब्दाने आमच्यावरचा एकुलता एक पहारा उठला.

फोरमन माझ्यापाशी उकिडवा बसला. त्याने सुरळीचे टोक माझ्या खिडकीतून आत सारले. मी तिला पेटवू इच्छीत नव्हते. पण आगीला इच्छा नसते. कागद तपकिरी झाला, कडा वळल्या, धूर आला, आणि सुरळीने पेट घेतला. तो उठला व गॅसच्या शेगडीकडे वळला.

तेवढ्यात माई पातेले घेऊन मागच्या दारातून बाहेर आली. "मला मेलीला काही वेगळाच वास येतोय. तुम्हाला कसला येतोय?"

"कसला म्हणजे? कोंबडीचा!"

माई जागच्या जागी उभी राहिली.

"कोंबडी माझ्या हातात आहे," ती म्हणाली.

पुढचे सारे एका श्वासात घडले. तिने बटणांकडे पाहिले, पडलेल्या झाकणाकडे पाहिले, त्याच्या हातातील ज्वाळेकडे पाहिले. कागदाची ज्वाळा पिवळी असते. वायू लागून तिचे खालचे टोक निळे होऊ लागले होते. माईने अख्खे पातेले त्याच्या हातावर उपडे केले. कोंबडी, दही, लिंबू, मसाला, सर्व काही. सुरळी चरचरून विझली. तिने चपलेच्या टाचेने माझी खिडकी धाडकन बंद केली, वाकून सिलिंडरचे बटण पिरगळले आणि पदराने गॅसच्या शेगडीचे झाकण उचलून मागे सरली. "मागं व्हा! कुंपणापर्यंत मागं व्हा!"

ताई हातात सेल घेऊन दारात उभी होती. तिला वास आला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. वारा पुन्हा सुटला. माझे कोळसे श्वास कोंडून हळूहळू विझत गेले, आणि आयुष्यात प्रथमच मला विझण्याचा आनंद झाला.

फोरमन मनगटावरून ओघळणाऱ्या दह्याकडे पाहत होता.

"किती दिवस झाले?" ताईने विचारले. आवाज दवाखान्यातला होता, डोळे मात्र लेकीचे.

"थंडीपासून."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"हिला बोललो होतो," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

माई रागाने लाल झाली होती. "शेगडीला सांगितलंत? बत्तीस वर्षं मी काय शेजारीण आहे तुमची? नाक गेलं तर गेलं. माझं आहे ना जाग्यावर? उसनं मागायला लाज वाटली होय?" एवढे बोलून ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. त्याच्या बाहीला चिकटलेला कोंबडीचा पाय काढण्याचेही कोणाला सुचले नाही.

धाकटा बर्फ घेऊन आला. सारे ऐकल्यावर त्याने बर्फ खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे हायकोर्ट बंद होतं आणि आम्ही तारखा घेत बसलो होतो."

त्यावर आधी फोरमनच हसला.

दुपारी चार वाजता स्मोकरमधील मांस तयार झाले, आणि खोटे कशाला बोलू, त्या दिवशी सर्वांत चविष्ट तेच होते. तरीही निकाल माईने दिला. स्मोकर धाकट्याच्या भाड्याच्या खोलीबाहेरील गच्चीवर जाईल. गॅसची शेगडी ताईच्या घरी जाईल. तिचा बिचारीचा काही अपराध नव्हता, नाक शाबूत असलेल्यांची ती उत्तम सेवा करील. "आणि ही जुनी इथंच राहील," माई म्हणाली. "हिची आग डोळ्यांना दिसते. पण अट आहे. एकट्यानं पेटवायची नाही."

ताईने त्याला डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. अद्याप आलेला नाही.

आता दर रविवारी फोरमन मला पेटवितो व माई तिपाई घेऊन जवळ बसते. पहिल्या रविवारी त्याने कोंबडी जाळीवर ठेवली, डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले. शेजारी कुंपणावरून पाहत होते. मग तो मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "अगं, मला काही कळत नाही. तू सांग, कसला वास येतोय?"

माईने डोळे मिटले. "लिंबाचा. मग थोडा धुराचा. आता कातडी सुटायला लागली." ती थांबली. "आता उलटा."

त्याने उलटली. सोन्यासारखी झाली होती.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात कोणतीतरी शेगडी असेल. गॅसची असल्यास झाकण आधी उघडा, बटण नंतर फिरवा. कोळशाची असल्यास तिला घरात, बंद खोलीत कदापि नेऊ नका, कारण आमच्याही धुरात न दिसणारे विष असते. राख पूर्ण निवल्यावरच काढा. ओली राख पोटात राहिली तर आम्ही आतून गंजतो. आणि तुमच्यापैकी कोणाचे काही हरवले असेल, नाक, कान, नजर, आठवण, तर ते माझ्यासारख्या मुक्या वस्तूच्या कानात सांगून मोकळे होऊ नका. आम्ही गुपित फार चांगले राखतो. हाच आमचा मोठा दोष आहे.