झोळीवरचं ओलं फडकं

वैशाखातली काळी माती म्हणजे नुसतं पीठ. पुंडलिकनं ट्रॅक्टरला ढेकळांचा भुगा करणारा रोटाव्हेटर जोडला आणि नवलगुंद रस्त्याकडचं सहा एकर शेत आभाळात चढलं.

बांधावरच्या लिंबाखाली शहरातून पाहणीसाठी आलेल्या वेदश्रीनं धूळ मोजायचं यंत्र मांडलं होतं. यंत्र हवा ओढतं, आतल्या पांढऱ्या गोल कागदावर धूळ बसते. कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, एवढंच काम. जागा मात्र तिनं मुद्दाम निवडलेली. फांदीला पुंडलिकच्या सात महिन्यांच्या आरुषीची झोळी टांगली होती, आणि यंत्राचं तोंड बरोबर झोळीच्या उंचीला. बांधावर निजणारी लेकरं काय ओढतात ते कागदावर उमटलं, तर गावात पाळणाघर मागता येणार होतं. यंदाच्या मोजणीतलं हे शेवटचं शेत, आणि हा शेवटचा कागद. पुढं पेरणीच.

"कसली वो पूजा मांडलीय, अक्का?" धसकटं वेचता वेचता पुंडलिकच्या बायकोनं, कृष्णाबाईनं विचारलं.

"तुमच्या धुळीची."

"मग नारळ तरी आणायचा की!"

आरुषी खोकली. वेदश्रीला पान्हा दाटून आला. तिचीही लेक एवढीच, शहरात मळमड्डीच्या घरी सासूबाईंपाशी. पण यंत्राजवळ माणसानं वावरायचं नाही असा नियम. ती लांब जीपमध्ये जाऊन बसली. थोड्याच वेळात धुळीत झाडसुद्धा दिसेना.

दोन तासांनी ट्रॅक्टर थांबला. ती परतली आणि जागीच उभी राहिली. यंत्राला फडकं गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं, काळंमिच्च. शेजारी झोळी उघडी. आरुषीच्या पापण्यांवर माती.

"केवढ्याचं मशीन असेल!" कृष्णाबाई कौतुकानं म्हणाली. "तुम्ही पाहुण्या. खराब झालं तर बोल आम्हाला लागायचा. झोळीवरचं फडकं भिजवून बांधलं बघा. गच्च!"

वेदश्रीनं सुतळी सोडली, फडकं बाजूला ठेवून यंत्र उघडलं. कागद सकाळी घातला तसाच निघाला. शुभ्र.

पाहणीचे प्रमुख गुरुप्रसाद सर, त्यांचा फोन आला. "किती भरलं?"

"काही नाही, सर. यंत्र झाकलं गेलं."

"मग रद्द लिहा. पुढच्या वैशाखात बघू."

"फडकं आहे ना, सर. काळं झालंय."

"त्याचं आधीचं वजन घेतलंय?"

घेतलं नव्हतं.

तिनं ओढणीच्या टोकानं आरुषीचं नाक पुसलं. टोक काळं झालं. रागवायचं तरी कुणावर?

"कृष्णाबाई, मशीन मरू दे. ओलं फडकं हिच्यावरच ठेवत जा."

"चुकलं का वो काही?" कृष्णाबाईचा चेहरा उतरला. मग तीच सावरली. "पुढच्या वर्षी चालायला लागंल की ही. झोळी कशाला लागतीय तेव्हा!"

पलीकडच्या शेतात पुंडलिकनं ट्रॅक्टर घातला. कृष्णाबाईनं लगबगीनं उन्हानं वाळून कडक झालेलं फडकं उचललं, तिथंच दोनदा झटकलं आणि झोळीवर पांघरलं.

आत आरुषी खोकत राहिली.