हरिदासच्या खाटेला लटकलेली पिशवी

मी लघवीची पिशवी बोलतेय. नाक मुरडलंत ना? सवय आहे मला. रायपूरच्या एका दवाखान्यात, हरिदासच्या खाटेला मी नऊ दिवस लटकले होते.

हरिदास उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला फिटर. रायपूरच्याच सदर बाजार भागात त्याची मोटारसायकल घसरली आणि हँडल पोटावर आदळलं. वरून जखम दिसेना, पण लघवीतून रक्त येऊ लागलं. म्हणून नळी घातली आणि तिच्या टोकाला मला जोडलं. पहिल्याच तासात मी लालभडक झाले.

स्कॅनमध्ये नवलच निघालं. त्याच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या होत्या, घोड्याच्या नालेसारख्या. जन्मापासून तशाच, आणि पन्नास वर्षांत कोणाला पत्ता नाही. अशी जोडकिडनी फासळ्यांच्या आड नीट लपत नाही, म्हणून मार थेट बसला. डॉक्टर गंधालींनी त्याच्या बायकोला, शेवंताला, समजावलं की किडनीला पडलेली चीर लहान आहे, रक्तदाब ठीक आहे, घाईनं ऑपरेशन केलं तर धोका जास्त. हरिदासनं पडून राहायचं आणि बाकीच्यांनी माझा रंग बघायचा.

तेव्हापासून शेवंता सकाळी आली की आधी माझ्याकडे बघायची, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. मी हळूहळू गुलाबी झाले. चौथ्या दिवशी हा गडी कोणाला न सांगता खिडकीपर्यंत चालून आला, आणि मी पुन्हा लाल. शेवंता रागावली नाही. स्टुलावर बसून गुपचूप रडली. त्यानंतर तो कुशीवरसुद्धा विचारून वळायचा.

सातव्या दिवशी मिलमधले सोबती आले. हरिदासनं लाजून माझ्यावर टॉवेल टाकला. शेवंतानं सगळ्यांदेखत तो उचलला.

"झाकू नका जी. मले तेच तर पाहाले लागते."

एकजण वाकला, मला निरखून म्हणाला, "भाभी, कलर तो अब ठीक लग रहा है." हरिदास पोट धरून हसला.

नवव्या दिवशी मी निव्वळ पिवळी होते. नळी निघाली. भिंतीला धरत हरिदास संडासात गेला, शेवंता दाराबाहेर उभी. मग तो आतून म्हणाला, "साफ हाये."

ती दाराला टेकून खालीच बसली.

मी आता दवाखान्यातल्या कचऱ्याच्या लाल डब्यात आहे, थोड्या वेळात न्यायला गाडी येईल. डॉक्टरांनी लिहून दिलेला जोडकिडनीचा कागद शेवंतानं हरिदासच्या पाकिटात ठेवलाय, तो कायम जवळ असू दे, पुन्हा कधी मार लागला तर डॉक्टरांना लगेच कळेल. आणि कुणाच्या खाटेला माझी एखादी बहीण दिसली तर तोंड फिरवू नका. रंग बघा, अन् घरच्या माणसाला सांगा.