कवळीवाल्यांची गिटार

कवळीवाल्यांची देवाधर्मावर बेताचीच श्रद्धा होती, पण एका तत्त्वावर मात्र ती अढळ होती. तोंडात जे हलतं ते वाईट. दात हलला की तो गेला म्हणून समजा, आणि चारचौघांत कवळी हलली की अब्रू गेली. उभा जन्म त्यांनी हलणाऱ्या वस्तू घट्ट बसवण्यात घालवला होता. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, मागच्या खोलीत गुलाबी ॲक्रिलिकच्या हिरड्या आणि शुभ्र दात तयार व्हायचे, आणि अर्धं गाव कवळीवाल्यांच्या दातांनी हसायचं. घरातही तोच खाक्या. टेबलाचा पाय डुगडुगला, दाराची कडी खिळखिळी झाली की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "तुम्ही घरात असलात की पंखासुद्धा भीत भीत फिरतो," असं त्यांची बायको म्हणायची.

बायकोचा मुलूखच वेगळा. ती तरण तलावावर पोहायला शिकवायची. गावातल्या निम्म्या लोकांना यांनी दात दिले असतील, तर उरलेल्यांना तिने पाण्यावर तरंगवलं होतं. स्वतः कवळीवाले मात्र घोट्यापलीकडे पाण्यात कधी उतरले नव्हते. रोज संध्याकाळी ते तलावाच्या बाकावर बायकोचा टॉवेल मांडीवर घेऊन बसत आणि तिचं शिकवणं बघत. तिची एक युक्ती त्यांना पाठ झाली होती. नवशिक्याला उताणं झोपवायचं, पाठीखाली हात धरायचा, आणि त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहायचं. बोलता बोलता हात कधी काढून घेतला हे त्या बिचाऱ्याला कळतच नसे. आवाज जवळ आहे म्हणजे हातही आहे, अशा भरवशावर तो मजेत तरंगत असे.

पाण्याला असा टरकणारा हा माणूस प्रेमात पडला तो सर्फ संगीताच्या. तरुणपणी कुणा मित्राच्या कॅसेटवर त्यांनी ते ऐकलं. फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांनी काढलेलं हे संगीत. गाणारं कुणी नाही, नुसती इलेक्ट्रिक गिटार, तीही इतक्या भरभर छेडायची की सूर ओला वाटावा. मधेच गिटारच्या पोटावरचा लोखंडी दांडा दाबायचा, की सूर लाटेसारखा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. "दाजींना समुद्र हवा, पण टॉवेलाने पुसून कोरडा केलेला," असं त्यांचा मेहुणा म्हणायचा. मेहुणा धंद्याने न्हावी, हौसेने ड्रम वाजवणारा, आणि जिभेने दोन्हीपेक्षा धारदार.

लग्न ठरत होतं तेव्हा कवळीवाले होणाऱ्या बायकोला म्हणाले होते, "मी काही पाण्यात येणार नाही. पण एक दिवस गिटार घेऊन तुझ्या तलावावर लाट आणीन. आणि ती आणली ना, की तिच्यात उतरेनसुद्धा." पुढे ज्या उसन्या गिटारवर ते शिकत होते ती मित्राला परत गेली, पोरं झाली, दात वाढले, म्हणजे लोकांचे, आणि लाट राहून गेली. या वचनाचा पहिला भाग कवळीवाल्यांच्या लक्षात होता. दुसरा ते सोयीस्करपणे विसरले होते. बायकोच्या लक्षात काय होतं, हे तिने कधी सांगितलं नाही.

आता ती निवृत्त होणार होती. शेवटच्या दिवशी तिच्या विद्यार्थिनींनी तलावावरच छोटासा समारंभ ठरवला. त्या दिवसानंतर तलाव तिचा राहणार नव्हता, मग लाट आणायची तरी कुठे? जन्मभर टॉवेल धरला, दुसरं काय दिलं मी हिला, असं कवळीवाल्यांना मनापासून वाटलं. त्यांनी जुनी इलेक्ट्रिक गिटार शोधायला घेतली.

ती सापडली एका गादीवाल्याकडे. तरुणपणी त्यानेही बँड काढला होता. आता तो लोकांच्या पाठीची काळजी वाहत होता. दुकानाच्या मागच्या अंगाला, छताला टेकलेल्या गाद्यांच्या थप्पीतून त्याने एक लांबट पेटी ओढून काढली. आत फिकट हिरवी गिटार, दांड्यासकट. सोबत स्प्रिंगची पेटीही होती. तिच्या आत लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा आवाज त्यांतून फिरून आला की गुहेतून आल्यासारखा ओला होतो. गादीवाल्याने ती स्पीकरला जोडून हलकीच टिचकी मारली, तर दुकानात वीज कडाडल्यासारखा आवाज झाला. "हिला धक्का नाही लावायचा," तो म्हणाला.

कवळीवाल्यांनी खिशातून तोंडात घालायचा छोटा आरसा काढला, बॅटरी लावली आणि गिटार तपासायला घेतली. आरसा तारांखाली सरकवून त्यांनी बोटं दाबायचा एकेक धातूचा पडदा पाहिला.

"इथे झीज आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "झोपेत दात खाता का?"

"कोण, मी?" गादीवाला दचकला.

"माफ करा, सवय. कुणी फार जोरात दाबून वाजवलीय."

"वाजवलीय तर. बरं, एक सांगून ठेवतो, साहेब. तारांखालची ही घोडी आहे ना, ही हलते. तशीच असते ती. हलू द्या."

"हो हो," कवळीवाले म्हणाले. त्या वेळी त्यांचं डोकं गिटारवर, डोळा आरशात आणि मन शेवटच्या पडद्याच्या किटणात होतं. एका कानाने ऐकलं, ते दुसऱ्यापर्यंतही पोचलं नाही.

घरी आणल्यावर त्यांनी गिटारची जी सेवा केली, तशी जावयाचीही कुणी करत नसेल. पडद्यांवरचं किटण खरवडलं, कवळ्या चमकवायच्या चाकावर एकेक स्क्रू घासून लखलखीत केला, बटणं फिरवताना येणारी खरखर घालवली. नव्या तारा चढवल्या, जरा बारीकच, बोटांना त्रास नको म्हणून. मग जोराने एक झंकार काढला, आणि त्यामागून आवाज आला: खडखड.

त्यांनी घोडीवर बोट ठेवलं. घोडी हलली.

त्यांच्या अंगावर काटा आला. पुन्हा बोट लावलं. पुन्हा हलली, मागे आणि पुढे, काढायला आलेल्या दाढेसारखी. अशा वेळी दुसऱ्या कुणी चार लोकांना विचारलं असतं. पण ज्याच्या हातात कला, त्याला विचारायची लाज. त्यांनी भर दुपारी गुलाबी ॲक्रिलिक कालवलं, घोडीचे दोन्ही पाय त्यात पक्के बसवले, घासून गुळगुळीत केले, वर चकाकी दिली. खडखड साफ गेली. कवळीवाल्यांची छाती फुगली.

संध्याकाळी मेहुणा तालमीला आला आणि गिटारकडे बघून खालीच बसला. "दाजी, हिला हिरड्या आल्यात!"

"आवाज ऐक आधी."

आवाज खरंच स्वच्छ होता. मेहुण्याने ताल धरला, धून सुरू झाली, पहिल्या वळणावर कवळीवाल्यांनी ऐटीत दांडा दाबला. सूर झकास खाली गेला. दांडा सोडला. सूर वर आला खरा, पण घरी येता येता वाटेत कुठेतरी बसला. पुढचं सगळं बेसूर. तारा लावून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

"दाजी, तुमच्या समुद्राला नुसती ओहोटीच आहे," मेहुणा म्हणाला.

मग सुरू झाला वनवास. त्यांनी तारा बदलल्या, खुंट्या आवळल्या, दांड्याला तेल दिलं, तारांच्या खाचांत पेन्सिलीची पूड घातली. सूर काही जागेवर येईना. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी गादीवाल्याला फोन केला.

"घोडीला हात नाही ना लावलात?" त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

"छे!" कवळीवाले म्हणाले. तसं ते खोटं नव्हतं. हात लावला नव्हता, ॲक्रिलिक लावलं होतं.

"मग कमाल आहे," गादीवाला म्हणाला, आणि कमाल तिथेच राहिली.

समारंभ तोंडावर आला. मेहुण्याने सुचवलं, "दांडा न वापरता वाजवा. कुणाला कळतंय?" त्यांनी तसं वाजवून पाहिलं. सूर सगळे बरोबर, पण लाट कुठेच नाही. नुसतं बादलीतलं पाणी. कवळीवाल्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी गिटार पेटीत ठेवून झाकण लावलं. बायकोने पाहिलं. काही न विचारता तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. सासूबाई त्यांच्याकडेच राहत असत. जावयाने त्यांना खालची नवी कवळी करून दिली होती, तशी पक्की कवळी पंचक्रोशीत नव्हती. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, कवळी काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली.

"अगं आई, ताटात काय?" बायको म्हणाली.

"मग कुठे ठेवू, डोक्यावर? जावईबापू, राग मानू नका, पण ही तुमची कवळी फार ताठ. मी चावायला गेले की ही अडून बसते, नि हिरडीला टोचते. माझी जुनी हलायची थोडी, नाही म्हणत नाही. पण माझ्याबरोबर हलायची नि आपली जागेवर यायची."

कवळीवाल्यांचा हात ताटातच थांबला. माझ्याबरोबर हलायची नि जागेवर यायची. गाद्यांच्या थप्पीमागून आलेलं एक वाक्य आत्ता कुठे त्यांच्या कानात शिरलं. हलू द्या.

"मी मूर्ख आहे," ते म्हणाले आणि उष्ट्या हाताने उठले.

"मी काय एवढं बोलले?" सासूबाई घाबरल्या.

मागच्या खोलीत कवळीवाल्यांनी बारीक ड्रिल लावलं आणि आपल्याच हातचं काम फोडायला घेतलं. गुलाबी भुसा उडत होता. ज्याने उभ्या आयुष्यात काही सैल केलं नव्हतं, त्याला हे किती जड गेलं असेल ते त्यालाच ठाऊक. घोडी मोकळी झाली. आता त्यांनी जाड तारा चढवल्या, म्हणजे त्यांच्या दाबाने ती आपसूक जागेवर बसेल; बारीक स्क्रू वाजू नयेत म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब त्यांवर सोडला. मग श्वास रोखून दांडा दाबला. तारा सैलावल्या, घोडी त्यांच्याबरोबर झुकली. दांडा सोडला. घोडी परत उभी राहिली आणि सूर घरी आला. मागे अगदी बारीकशी खडखड होती. कवळीवाल्यांनी दातांवर दात दाबले आणि ती तशीच राहू दिली. त्यानंतर ते सासूबाईंची कवळीही कानशीने घासून थोडी सैल करून आले.

समारंभाच्या दिवशी बायकोने आल्या आल्या तलावापासून लांब खडूने रेघ मारली. "विजेची एकही वायर या रेघेच्या पुढे आली, तर आधी शिट्टी वाजेल आणि मग मी." तेव्हा सगळा पसारा कचेरीच्या ओसरीवर मांडला. पाण्यात तिच्या विद्यार्थिनी रंगीत टोप्या घालून उभ्या होत्या. बाकावर, कवळीवाल्यांच्या नेहमीच्या जागी, टॉवेल मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

कवळीवाल्यांनी सुरुवातीचा सूर छेडला. मेहुण्याने उत्साहाच्या भरात पाय असा आपटला की स्प्रिंगची पेटी ओसरीवरून घसरली आणि तलावावर ढगफुटी झाली. गरज नव्हती इतकी ओली गडगड! कवळीवाल्यांचा जीव गेला. पण पाण्यातल्या बायकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी किंचाळून हात आपटले, आणि तलावात खरोखरच लाटा उठल्या. आता थांबायची सोयच नव्हती. ते वाजवत सुटले. पहिलं वळण आलं, त्यांनी डोळे मिटून दांडा दाबला. सूर खाली गेला, खाली, खूप खाली, आणि परत आला. बारीक खडखड चालूच होती. ती ऐकू येत होती ती एकट्या त्यांना.

धून संपली तेव्हा टाळ्या वाजल्या. बायको मात्र काठावर शिट्टी मुठीत धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते. मग ती सावकाश ओसरीकडे आली आणि त्यांच्या गळ्यातून गिटार काढून भावाच्या हातात दिली.

"लाट आणलीत," ती म्हणाली. "आता दुसरं?"

"दुसरं काय?" कवळीवाल्यांनी विचारलं, पण ते आधीच एक पाऊल मागे सरकले होते.

"इतकी वर्षं मी लोकांचे नवरे तरंगवले. माझा बाकावर बसला होता. मला काय वाटत असेल?"

मेहुण्याने दाजींसाठी पोहण्याची चड्डी आणलेलीच होती. बहीणभावांचा कट शिजला होता. कवळीवाले उथळ बाजूच्या पायऱ्या उतरले, एकेका पायरीला थांबत, कठडा असा धरून की तो उपटून येईल. पाणी कमरेला लागलं.

"उताणे व्हा. माझा हात आहे खाली."

ते उताणे झाले आणि लाकडासारखे ताठ झाले. पाय लगेच बुडू लागले.

"अहो, घट्ट बसवू नका स्वतःला. हलू द्या थोडं."

कवळीवाल्यांनी मान सैल सोडली, मग खांदे. पाण्याने त्यांना थोडं इकडे नेलं, थोडं तिकडे नेलं. बायको बोलत होती. आईची कवळी आता छान बसते म्हणे. उद्यापासून संध्याकाळी काय करायचं, दोघांनी फिरायला जायचं का. आवाज अगदी कानाशी होता, नेहमीच्या गप्पा, काही विशेष नाही. आणि बाकावर बसून काढलेल्या इतक्या वर्षांमुळे कवळीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं की ही असं बोलायला लागली, म्हणजे पाठीखालचा हात केव्हाच गेलेला असतो.

त्यांनी खाली वळून पाहिलं नाही. "जाऊ की फिरायला," ते म्हणाले.