पंचांपुढं बोलायची तालीम

सेवाच्या बापानं औंढ्याच्या माळावरून हाळी मारली की पल्याडच्या ओढ्यातली मेंढरं माना वर करायची. पर चार मानसं समोर बसली की ह्या बाबाची दातखीळ बसलीच म्हनून समजा. सोयऱ्यांच्या बैठकीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसनार, अन घरी आल्यावर मला म्हननार, "माझ्या मनात लै व्हतं बोलायचं." मनात ठिवून काय लोनचं घालायचं व्हतं व्हय?

तवर चाललं तसं चाललं. निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट ही. आमची सेवा नरसीकडं दिलेली. एक दिस ती सासरहून पळून आली. सासूनं तापल्या उलथन्यानं दोन्ही हात डागले व्हते पोरीचे. तिच्या मागं सासरा आला, त्यो आमच्या घरी न येता थेट जातीच्या पंचांकडं गेला. म्हने सून न विचारता पळाली, परत धाडा. पंचांनी दोघा बापांना खंडोबाच्या देवळापुढं बोलावलं. त्यांचा शबूद मोडला तर वाळीत पडायचं, अन बायांनी तिथं आपनहून बोलायची रीत न्हवती. म्हंजी माझ्या लेकराचा जीव ह्या मुक्या मानसाच्या जिभेवर आला.

मी म्हनलं, शिकवतेच ह्याला. दिस कलला की मेंढरांच्या वाड्यात घोंगडं हातरून मी पंच व्हायची, अन त्यो माझ्यापुढं हुभा राहायचा.

"आधी ती काठी ठिवा. काठीमागं काहून लपून राहिले?"

"हाताला काय तरी पायजे ना."

"कान खाजवू नका. पाय रोवा. दम घ्या. मग पयलं पोरीचं दुख सांगा, आपल्याला काय पायजे ते शेवटाला. अन जरा धिम्यानं."

"पंचहो, राम राम," त्यो म्हनायचा, अन बाजूच्या एडक्याकडं बघायचा.

"एडका न्हाई पंच, मी हाय!"

"एडका बरा वाटतो. त्यो डोळे वटारत न्हाई."

सेवा डागलेले हात पदरात घिऊन वसरीत बसलेली असायची. ती बी हसायची न्हाई. मी रागानं सांगायची, अहो, बोलनाऱ्याचे हुलगे खपतात अन न बोलनाऱ्याचे गहू पडून राहतात. त्यो मान हलवायचा. पर खरं सांगते, मेहनत केली बिचाऱ्यानं. रानात मेंढरामागं पुटपुटत फिरायचा. समदं पाठ झालं त्याचं. मला वाटलं, जितलो आपन.

पंच बसले. बाया मागं, देवळाच्या भिंतीला. सासऱ्यानं असं काय भाषन केलं म्हनता! "हुजूर, आमी सुनंला लेकीबराबर वागवलं, तिलाच घरात नांदायचं न्हाई." लोनी नुसतं. मग मोठे पंच उकंडराव म्हनले, "रखमाजी, तू बोल."

सेवाचा बाप हुभा राहिला. काठी ठिवली. दम घेतला. म्हनला, "पंचहो, राम राम."

मग गप. मग परत, "पंचहो, राम राम."

तिसऱ्या बारीला पोरं हसाया लागली. त्याच्या कपाळावरून घाम वघळत व्हता. शेवटी त्यो म्हनला, "मला न्हाई येत. पोरीच्या मायला बोलू द्या."

उकंडरावांनी माझ्याकडं बघितलं. "बोल बाई."

मी उठले. अन काय सांगू, मी, जिनं समद्या आळीचं तोंड बंद केलेलं, तिची जीभ टाळूला चिकटली! समोर नुसते पागोटेच पागोटे. दम घ्यायचा का पाय रोवायचे का काय करायचं, काही आठवंना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पदर तोंडात धरून मी तशीच हुभी. सासरा मिशीत हसून राहिला व्हता.

तवा सेवाचा बाप मोठ्यानं बोलला. हाळी मारावी तसा.

"जाऊ द्या पंचहो. न्या म्हना पोरीला. हिच्या मायचं काय, चार दिस रडल अन गप बसल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पंच बघितले न्हाईत, मानसं बघितली न्हाईत. "काय म्हनले?" मी वरडले. "गप बसल? लांडग्यानं कोकरू धरलं तर रातभर रान पालथं घालता, अन सोताच्या पोरीला त्याच जाळीत परत सोडता? झोपीत सासूला 'न्हाई आत्या, न्हाई' म्हनती ती! भाकर थापाया बसली तर पीठ लागून हात पेटतात तिचे. त्या हातानं कोनाच्या घरी नांदायचं? तुमी वाळीत टाका मला. मी पोरगी देत न्हाई!"

मग मला कळलं की मी पंचांपुढं वरडले.

उकंडरावांनी सेवाला पुढं बोलावलं, हात दाखव म्हनले. तिनं पदर सोडला. म्हाताऱ्यानं ते हात बघितले अन सासऱ्याकडं बघून बोलला, "पोरगी मायजवळ राहील. आमचं ठरलं."

घरी येताना मी पुढं पुढं चालले. मागं वळून सुदिक बघितलं न्हाई. सेवाच म्हनली, "आई, बाबानं तुला मुद्दाम चिडवलं गं."

मी थांबले. त्यो मान खाली घालून हुभा.

"अन मी न्हाई बोलले असते तर? पंचांनी तुमचा शबूद धरला असता तर?"

"तर पोरगी गेली असती," त्यो म्हनला. "मंग मी बी समदी मेंढरं घिऊन तिच्या सासरच्या दारात जाऊन बसलो असतो. तिथून हाललो नसतो."

मला लै शिव्या द्यायच्या व्हत्या. पर मी त्याचा हात धरला. हाताला काय तरी पायजे ना.