मार्थाबाईसाठी

माणूस मेलं की चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होते, हे मले मालूम होतं. पण ती प्रार्थना आपणच मागच्या बाकावर बसून, आपल्याच कानानं ऐकावी, असं कोणाच्या नशिबी आलं नसंल. माह्या आलं. सांगते कसं ते. मधात टोकू नका, टोकलेलं मले चालत नाही.

मी बिजलीबाई. आर्णीले बसस्टँडच्या मागच्या गल्लीत राहते. जन्म तांड्यावरचा. एकोणिसाव्या वर्षी हिरासिंगशी लगन ठरलं, अन् त्याचं घर कॅथलिक. लगनाच्या आधी जुन्या फादरनं माह्या डोक्यावर पाणी ओतलं, रजिस्टरात नाव लिहिलं मार्था. तांडा मले बिजली म्हणे, गल्ली बिजलीबाई म्हणे, पण घरात हिरासिंग मार्थाच म्हणे. "मार्था, चहा टाक." "मार्था, माहा चष्मा कुठं ठेवला?" बेचाळीस वर्षं तेच. इतक्या वेळा ऐकलं की मले वाटे, सारं जगच मले मार्था म्हणूनबी ओळखते. तिथंच मी भैताडासारखी चुकली.

हिरासिंग चर्चची घंटा वाजवे. चर्च म्हणजे काही मोठं नाही. गावाबाहेर रोडच्या कडेले, पत्र्याचं छत, समोर कडुनिंब. इतवारी सकाळी आठची मिस्सा, म्हणजे फादरची मोठी प्रार्थना. तांड्यातांड्यातून लोक मोटारसायकलवर येतात, एका गाडीवर चार-चार जण. मिस्सा झाली की आवारात चहा-चिवडा, अर्धा घंटा नुसती कलकल, अन् मंग ज्याची गाडी त्याच्या गावाले. हिरासिंगले जाऊन सहा वर्षं झाली. आता घंटा बटनावर वाजते. बटन दाबाले काय, कोणीबी दाबते.

मिस्साच्या मधात फादर म्हणतात, "एकमेकांना शांती द्या." तवा सारे जण वळतात अन् एकमेकांले हात जोडतात. खरं सांगू? आठवड्यातून तेवढंच एकदा कोणी माह्याकडे तोंड करून हात जोडते. तेवढ्यासाठी मी शनिवारीच लुगडं घडी करून उशाले ठेवते. हसा खुशाल.

पोरगा लखन पुण्याकडे कंपनीत आहे. बायको, दोन पोरं, भाड्याची खोली. दर इतवारी बारा वाजता त्याचा फोन. "माय, एकटी काहून राहते? ये ना इकडे." अन् दर इतवारी माहं उत्तर ठरलेलं, "एकटी कायची रे? अख्खं चर्च आहे माह्यामागं." हे मी त्याले सहा वर्षं ऐकवलं, अन् ऐकवता ऐकवता मलेबी ते खरं वाटाले लागलं. पण मागच्या महिन्यात तो म्हणाला, "माय, मालक खोली खाली करा म्हणून राह्यला. तू येत असशील तं दोन खोल्यांचं पाहतो. नसशील येत तं लहानच पाहतो. महिनाभरात पक्कं सांग." म्हणजे आता गोष्ट बोलण्यापुरती राहिली नव्हती. इथं मले माणसं आहेत का नाही, हे मलेच ठरवाचं होतं.

अन् नेमका तवाच ताप आला. चिकनगुनिया. सांधे असे धरले की ग्लास उचलाले दोन हात लागत. पहिला इतवार खाटेवर गेला. लखनले फोनवर जराशी कणकण आहे, एवढंच सांगितलं. वारा इकडचा असला की घंटा ऐकू येते माह्या घरी. ऐकू आली. मी मनात म्हटलं, आता मिस्सा सुटंल, चहा होईल, पुष्पा विचारंल की बिजलीबाई काहून नाही आली. पुष्पा म्हणजे माह्या बाजूले बसणारी. सहा वर्षं एका चटईवर बसतो आम्ही, माह्या खांद्यावर तिचा नातू झोपलेला आहे. मी दार उघडं ठेवलं. तिले गल्ली सापडत नसंल तं दिसावं म्हणून. दुपार झाली, कुत्रं येऊन पाहून गेलं.

दुसऱ्या इतवारीबी दार उघडंच होतं. तिसऱ्या इतवारी मी उठून धाडकन लावून घेतलं. राग आला, बाप्पा! एवढ्या लोकांच्या मयतीले गेली मी, एवढ्या बारशांचे पाळणे हलवले, अन् एकाले वाटू नये की म्हातारी मेली का जिती आहे ते पाहावं?

तशी जैनबबी येत होती. भिंतीले भिंत लागून घर तिचं. भिंतीवरून खिचडीचा डबा दे, पेज दे. तिच्या माणसानं, अब्दुल गनीनं, मले आपल्या ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. पण खोटं कायले बोलू, तिले मी धरतच नव्हती. ती शेजारीण, शेजारीण तं करतेच. माहे माणसं म्हणजे चर्चचे.

आमच्या चर्चच्या दाराजवळ एक लाकडी डबा आहे. कोणासाठी प्रार्थना पाहिजे असंल तं चिठ्ठी लिहून त्यात टाकाची. फादर शनिवारी डबा उघडतात अन् इतवारी वेदीवरून नावं वाचतात. आधी आजाऱ्यांची, मंग मेलेल्यांची. तिसरा इतवार गेल्यावर माह्या डोक्यात आलं, आपणच आपली चिठ्ठी टाकाची. प्रार्थनेची मले तेवढी गरज नव्हती, देव मले माफ करो. मले पाहिजे होतं की नाव ऐकून लोकांले चटका बसावा. पुष्पानं दचकून माह्या खाली जागेकडे पाहावं. म्हणावं, अवं माय, अन् आपण गेलोच नाही!

बोटं सुजलेली, पेन धरवत नव्हता. मोजून तीन शब्द लिहिले. "मार्थाबाईसाठी प्रार्थना करा." जुन्या फादरची शिकवण होती, चर्चच्या कागदावर बाप्तिस्म्याचं नाव लिहाचं. आजारी आहे असं लिहिलं नाही. ते काय लिहाचं? तीन इतवार जागा खाली आहे, कोणाले दिसत नसंल का? बेस्तरवारी अब्दुल गनीनं जाता जाता ती चिठ्ठी डब्यात टाकली.

अन् शनिवारी ताप उतरला. माहं मन थाऱ्यावर राहीना. वाटलं, आपलं नाव घेतलं जाईल अन् आपणच तिथं नाही? जाऊन पाहू तं खरं कोणाच्या तोंडावर काय येते ते. शिवाय इतवारी दुपारी लखनले पक्कं सांगाचं होतं. म्हटलं, चर्चमध्ये जे दिसंल तेच त्याले सांगाचं.

अब्दुल गनीनं सोडून दिलं. पोचेस्तोवर पहिलं गाणं सुरू झालतं. गुडघे वाकत नव्हते, चटईवर बसवलं नसतं, म्हणून मी भिंतीजवळच्या मागच्या बाकावर टेकली. पुढे पुष्पाची पाठ दिसत होती. माह्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवलती.

आमचे फादर नवे आहेत, चार महिने झाले. केरळचे आहेत, मराठी वाचतात मात्र एकदम साफ. त्यांनी कागद उघडला. माहं काळीज असं धडधडाले लागलं, जसं काही माहं लगनच लागून राह्यलं. आजाऱ्यांची नावं आली. देवराव, ऑपरेशन झालं म्हणून. कोणाचं तरी लहान लेकरू. अन् बस. मी म्हटलं, आता येईल. फादरनं पान पलटलं.

"आपल्यातून देवाघरी गेलेल्या बंधुभगिनींसाठी. दिवंगत पूनमसिंग. दिवंगत मार्थाबाई."

साऱ्या चर्चनं उभ्यानं एका सुरात म्हटलं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

उठून ओरडावं असं आलं तोंडाशी, "ओ फादर, जिती आहे मी!" माह्या तोंडाले कधी कुलूप लागत नाही, साऱ्या आर्णीले मालूम आहे. पण मी थांबली. म्हटलं, कोणीतरी वळंल. मार्थाबाई म्हणजे आपली हिरासिंगची, असं कोणाच्या तरी ध्यानात येईल. मी एक एक मुंडकं पाहत होती. एकबी वळलं नाही. पुष्पानं नातवाची टोपी सरळ केली.

तवा मले उमजलं. त्या नावानं मले ओळखणारा एकच माणूस होता, अन् तो सहा वर्षांपासून कब्रस्तानात आहे. ओरडून सांगितलं असतं तं लोक हसले असते. वरून विचारलं असतं, चिठ्ठी टाकली कोणी? मंग काय सांगाचं होतं, मीच टाकली म्हणून? त्यापेक्षा मेलेलं बरं.

शांती द्यायची वेळ आली. बाजूच्या बाकावर कोणाची तरी नवी सून होती. तिनं हात जोडून डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवले, त्यात मीबी आली असंल. कम्युनियनच्या रांगेत गेली. फादरनं माह्या हातावर प्रभुभोजन ठेवलं, तोंडाकडे पाहून हसले. ज्या बाईले आताच देवाघरी पोचवलं, तिलेच वाढून राह्यलो, हे त्या बिचाऱ्याले काय मालूम. मी आमेन म्हटलं.

बाहेर कडुनिंबाखाली चहा सुरू होता. पुष्पानं मले पाहिलं अन् लांबूनच ओरडली, "अवं बिजलीबाई! लय दिवसानं! लेकाकडे गेलती का पुण्याले?"

असं होतं तं. त्यांले वाटलं, मी पोराकडे गेली. कोणाच्या मनात खोट नव्हती, अन् माह्या भांडण्याचा जोरच गेला. तीन आठवडे जी शिवी मी तोंडात घोळवत होती ती आता द्याची कोणाले?

"हाव, गेलती," मी म्हटलं.

"बरं केलं. जरा वाळल्यासारखी दिसतेस, पण तिकडचं पाणी मानवत नसंल." तिनं माह्या हातात कप दिला. मंग आवाज बारीक करून म्हणाली, "अन् काय वं, ती मार्थाबाई कोण? तू जुनी आहेस, तुले मालूम असंल."

"होती एक."

"कुठची?"

"इथंच आर्णीची. नवरा घंटा वाज..." एवढं बोलून मी चहाचा घोट घेतला. तिनं काही जोडून पाहिलं नाही, नातवाले चिवडा भरवत होती. "एकटीच राहे," मी म्हटलं.

"अरेरे. मंग आपल्याले खबर कशी नाही? मयतीले तरी गेलो असतो."

"कोणाले मालूमच नाही पडलं."

"असं नसावं बाप्पा कोणाचं," पुष्पा म्हणाली. डोळ्यात पाणी आलं तिच्या, खोटं नाही सांगत. मंग तिच्या पोरानं हॉर्न वाजवला अन् ती नातवाले घेऊन पळाली. पाच मिनिटांत आवार खाली झालं. मी कप गोळा करून नळाखाली विसळले. ते काम दर वेळी मीच करते.

ऑटोत बसल्या बसल्या मी पक्कं केलं. लखनले सांगाचं, बाबा, ये अन् घेऊन जाय मले. दोन खोल्यांचं पाहा. मी पोरं सांभाळीन, भाकरी टाकीन, कोपऱ्यात पडून राहीन, पण इथं नाही राहत आता. घरी येऊन पेटीतून दोन लुगडी काढूनबी ठेवली.

बारा वाजता फोन वाजला.

"माय, कशी आहेस? चर्चमध्ये गेलती?"

"गेलती."

"लोक विचारतात ना तिकडे तुले? करतात ना तुहं?" हे तो इतक्या घाईनं बोलला की मी थबकली. मी त्याची माय आहे. लहानपणी परीक्षेचा निकाल विचारला की तो असाच घाईनं दुसरं काही बोले. त्याले कोणतं उत्तर पाहिजे होतं ते मले फोनमधून दिसलं. तरी म्हटलं, बिजली, बोल आता, लाजू नको. तोंड उघडलं, अन् निघालं भलतंच.

"विचारतात म्हणजे? आज फादरनं वेदीवरून नाव घेतलं माहं. सारं चर्च उभं राहून माह्यासाठी प्रार्थना करत होतं. पुष्पाच्या तं डोळ्यात पाणी आलं."

एक शब्द खोटा नव्हता त्यात.

लखननं एवढा मोठा श्वास सोडला की मले कानात वारं लागल्यासारखं झालं. "मंग तू एकटी कुठं आहेस माय! मी उगीच डोक्याले ताण घेत होतो. इकडे काय, दिवसभर खोलीत कोंडून राहशील. तू तिथंच बरी. मी एकाच खोलीचं पक्कं करतो मंग."

"कर," मी म्हटलं. मी वाट पाहिली, तो एकदा तरी म्हणंल की ये तरी. त्यानं औषधं घेत जा म्हटलं अन् फोन ठेवला.

दोन्ही लुगडी परत पेटीत ठेवली. जेवाची वासना नव्हती. अंगणात येऊन भिंतीजवळ उभी राहिली. पलीकडून भांड्यांचा आवाज थांबला अन् जैनबबीचं डोकं वर आलं.

"क्या बिजलीबाई, जेवली का? काय झालं चर्चमधी, तोंड असं काहून?"

"एक बाई मेली."

"या अल्ला. कोण?"

"मी," मी म्हटलं.

जैनबबी हसली नाही. तिनं माह्याकडे नीट पाहिलं, पायाखाली दगड सरकवला, वर चढली अन् भिंतीवरून हात टाकून माह्या कपाळावर ठेवला. भांडी घासता घासता आलती, हात ओला होता अन् राखेनं खरबडीत झालता. बराच वेळ तिनं तो तसाच ठेवला.

"बुखार तो नहीं है," ती म्हणाली.

अन् मी तिथंच, भिंतीले धरून, पोटभर रडली.