काळे न झालेले हात

खिडकीशी धरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीतून ऊन गोल गोल ठिपक्यांनी सुकन्याच्या मनगटावर उतरत होतं – एक रांग, मध्ये रिकामी जागा, पुन्हा रांग – आणि भोकांच्या कडा इतक्या कोऱ्या होत्या की बोटाला किंचित टोचत होत्या.

मागे पहिलीची पोरं जमिनीवर बसून अशाच पट्ट्यांतून रंगीत दोरा ओवत होती, मोठ्यानं मोजत. चादरीवरची नक्षी मागाला सांगणारी ही जेकार्डची कार्डं; कारखान्यात ती झिजली की मल्लिनाथ गठ्ठा बांधून शाळेत आणून द्यायचा. दर जूनला. एकोणीस वर्षं. मल्लिनाथ म्हणजे तिच्या भावाचा, अभिमन्यूचा मित्र – तिच्या घरी न विचारता माठातलं पाणी घेऊन पिणारा एकमेव परका माणूस... परका? बावीस वर्षं ज्याच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ओळखू येतो, त्याला परका कसं म्हणायचं? आणि भावाचा मित्र म्हणून दादा म्हणावं, तर ते जिभेवर येत नाही. मग हाकच न मारता वाक्य कसं पुरं करायचं, हे ती विसाव्या वर्षीच शिकली होती.

सकाळी पुण्याहून अभिमन्यूचा फोन आला होता. "सुके, अक्कलकोटचं स्थळ लई चांगलं हाय. मल्लू सोता बघून आलाय माणूस. शाळा सुटताना येतो म्हणालाय, त्याला इचार सगळं. आन् रात्रीच्या आत मला हो का न्हाय ते सांग. बेचाळीस झाली तुला, आता किती थांबणार हाईस?"

थांबणं... हे तर मला कोणी शिकवू नये. वर्गात प्रश्न विचारला की ती मनात दहापर्यंत मोजते, सावकाश. तोवर पोराला सुचवायचं नाही, रागवायचं नाही, नजरही हलवायची नाही. सातवर, आठवर कुठंतरी पोराच्या डोळ्यांत उत्तर उजळतं आणि ते त्याचं स्वतःचं असतं. तसंच तिनं मल्लिनाथसाठी... त्याच्या वडिलांचं आजारपण सरलं, बहिणींची लग्नं झाली, त्याचं राहूनच गेलं, कानाजवळचे केस पांढरे झाले – ती मोजत राहिली. बोललं आणि चुकलं, तर भावाचा मित्र जाईल, माठाजवळचा पेला जाईल. न बोललं, तर निदान जून तरी येईल.

दुपारी खिचडीचं पातेलं उतरवून शाळेची स्वयंपाकीण अक्कम्मा दाराशी आली, हातात साबण. कार्डांच्या दिवशी पोरांचे हात तेलकट मळानं काळे होतात, म्हणून जेवणाआधी ती साबण घेऊनच यायची. तिनं एकेक पंजा उलटून बघितला. "अगं बाई! औंदा हात काळं झालंच न्हाईत की. कुटल्या मागावरची म्हनायची ही?"

"कुठल्याच नाही," सुकन्या म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं तिला ऐकू आलं.

कारखाना दिवाळीलाच बंद झाला होता. माग भंगारात गेले. मल्लिनाथ आता चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात जातो, तिथं नक्षी कॉम्प्युटरवर. हे सगळं तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं गठ्ठा घेतला होता, दरवर्षीसारखा. कार्डांना भोकं पाडायचं जुनं हातमशीन त्यानं घरी आणून ठेवलंय, असं अभिमन्यू हसत म्हणाला होता – लोखंडाचं काय लोणचं घालणार, म्हणून. म्हणजे ड्युटीवरून येऊन, एकेक भोक...

पोरं खिचडीवर वाकलेली असताना तिला एकदम हसू आलं. एवढी वर्षं मी मोजते आहे. पण मोजायच्या आधी प्रश्न विचारावा लागतो, बाई! तो कधी विचारला होतास? कोऱ्या फळ्यासमोर पोराला उभं करून उत्तराची वाट बघणारी ही कसली मास्तरीण...

शाळा सुटली तेव्हा मल्लिनाथ फाटकाशी मोटारसायकलला टेकून उभा होता, चावी बोटात फिरवत.

"माणूस चांगला हाय," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "घर सोताचं हाय. तंबाखू न्हाय, काय न्हाय. जरा लई बोलतोय, पर तुला चालंल. पोरांची बडबड ऐकतीसच की दिवसभर."

"कार्डं कुठून आणली?"

"हाईत की... जुनी, पडलेली."

"जुन्या कार्डांनी पोरांचे हात काळे होतात."

चावी फिरायची थांबली. त्याच्या तळव्यावर अंगठ्याखाली ताजा फोड होता. त्यानं मूठ मिटली, पण तिनं पाहिलं होतं.

पोराला विचारायचा प्रश्न लहान असावा, एका घासात मावेल एवढा – हे तिनं कितीतरी नव्या शिक्षकांना सांगितलं होतं.

"अक्कलकोटला हो म्हणू, का तुम्हाला?"

आवाज वर्गातलाच होता, नेहमीचा. एक... दोन... त्यानं मान वर केली. तीन. रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली, मागे धूळ. चार... भावाचा मित्र जाईल का, पेला जाईल का – ती भीती तिनं शोधून पाहिली, रोज असायची तिथंच. तिथं नुसतं ऊन होतं, गोल गोल ठिपक्यांचं. मल्लिनाथचे ओठ हलले आणि थांबले. पोराचं असंच होतं, उत्तर येण्याआधी. चुकीचं उत्तर येण्याआधीही. येऊ दे. चाराच्या पुढचे आकडे तिनं मोजलेच नाहीत. प्रश्न विचारून झाला होता, आणि तिला घाई नव्हती.