खोली पाठ झालेली मावशी

बाई गेल्या त्यानंतर मिस्त्रीने पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं, ते ओढलेलंच राहिलं. कुलूप नाही, कडी नाही. लोकांना वाटायचं, बायकोची आठवण जपतोय. तसं काही नव्हतं. आत जाऊन करायचं काय, हेच त्याला सुचत नव्हतं. तो स्वयंपाकघरात झोपायचा, ओट्याशी उभ्या उभ्या जेवायचा आणि सकाळी बसडेपोत ब्रेकच्या कामावर जायचा. कुणी कसं काय विचारलं तर ‘चाललंय’ म्हणायचा. रडू येत नव्हतं. भूक लागायची, पण चव कळायची नाही. मीठ विसरलं की काय म्हणून तो डबा उघडून बघायचा, तर मीठ घातलेलं असायचं.

त्या पुढच्या खोलीत बाई इंग्रजीचा वर्ग घ्यायच्या. वर्ग मोठ्या माणसांचा. जवळच्या रुग्णालयात बाहेरून आलेले डॉक्टर होते, ते इंग्रजीतच बोलायचे. त्यामुळे तिथल्या मावश्या, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर असे सगळे बाईंकडे यायचे. मोठमोठे शब्द त्यांना यायचे. ऑपरेशन, इंजेक्शन, ऑक्सिजन, यात कुणी अडत नव्हतं. अडायचं ते चिमुकल्या शब्दांत. इन, ऑन, ॲट. बाई म्हणायच्या, आपल्याकडे हे शब्द शेपटासारखे मागे लागतात, त्यांच्याकडे शिंगासारखे पुढे येतात. म्हणून आपण शेपूट धरायला जातो आणि शिंग खातो. आपण रविवारी, सकाळी, घरी म्हणतो, एका ‘ई’त सगळं भागतं. त्यांना तिथं तीन गडी लागतात: ऑन संडे, इन द मॉर्निंग, ॲट होम.

सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्याही व्हायच्या. ॲक्सेप्ट म्हणजे घेणं आणि एक्सेप्ट म्हणजे वगळणं, यात ड्रायव्हर कायम घसरायचा. पेशंट घेतोस का, असं विचारल्यावर त्याने एकदा तोऱ्यात ‘एक्सेप्ट’ म्हटलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, तुझ्या गाडीत सगळं मावतं, तेवढा पेशंट सोडून. बिसाइड म्हणजे शेजारी, बिसाइड्स म्हणजे शिवाय. लूस म्हणजे ढिलं, लूझ म्हणजे हरवणं. या जोडीला त्या आतल्या खोलीकडे हात करून म्हणायच्या, आमच्या मिस्त्रींना विचारा. नट लूस राहिला की नोकरी लूझ होते. मग सगळे हसायचे. मिस्त्री आत चहा गाळत असायचा. इतकी वर्षं चहा गाळता गाळता त्याच्या कानावर ते सगळं पडलं होतं. बोलायला मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही हौस नव्हती.

चिमुकल्या शब्दांसाठी बाईंनी फळा कधी वापरला नाही. त्या खोलीतच बोट दाखवायच्या. छत्री कुठं आहे? दाराच्या मागे. बिहाइंड द डोअर. चपला? खाटेखाली. अंडर द कॉट. शाल खुर्चीवर, कंगवा कपात, किल्ली दोन पुस्तकांच्या मध्ये. दोहोंच्या मध्ये बिटवीन, पुष्कळांच्या मध्ये अमंग, म्हणून खिडकीतल्या डबीत बऱ्याच बटणांत एक खडू टाकलेला असायचा. वस्तू त्यांच्या रोजच्या वापरातल्या, जागा ठरलेल्या. बाई नीटनेटक्या होत्या. एक वस्तू इकडची तिकडे व्हायची नाही.

आणि इथंच घोटाळा झाला होता, जो कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

बाई गेल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मिस्त्रीच्या मेहुणीने, वर्ग आपल्या घरी नेला. ती कचेरीत टायपिस्ट होती, इंग्रजी चांगलं होतं. बाकीचे कसेबसे रुळले, पण एका मावशीची गाडी काही सुरूच होईना. ही मावशी कपडे धुलाईच्या विभागातून वॉर्डात आली होती. धुलाईतल्या पावडरीने तिच्या बोटांची सालं निघायची, ती आता कुठं भरत आली होती. मेट्रन तोंडी परीक्षा घेणार होत्या. ट्रे कुठं ठेवायचा, भांडं कुठून आणायचं, सगळं इंग्रजीत सांगणार आणि विचारणार. नापास झाली तर पुन्हा धुलाई.

मेहुणीने तिला आपल्या घरात विचारलं, छत्री कुठं आहे. छत्री समोरच खिळ्याला लटकत होती. मावशी ठामपणे म्हणाली, बिहाइंड द डोअर. शाल? ऑन द चेअर. शाल त्या घरात नव्हतीच. वर्ग पोट धरून हसला. मेहुणी मात्र हसली नाही. तिने मावशीला डोळे मिटायला लावले आणि एकेक विचारत गेली. मावशीने डोळे मिटून बाईंची अख्खी खोली घडाघडा म्हणून दाखवली. एक चूक नाही.

रविवारी दुपारी त्या दोघी मिस्त्रीच्या दारात आल्या. मेहुणीने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, परीक्षा येत्या आठवड्यात आहे, निदान तिथं बसून तिचा धीर तरी परत येईल, खोली द्या. मावशी मागे पदराशी चाळा करत उभी होती. मिस्त्री म्हणाला, बसा की. फक्त काही हलवू नका.

दार ढकललं तर खालून थोडं घासलं. आत सगळं होतं तिथंच होतं, वर धुळीचा थर. मावशीने चपला बाहेर काढल्या, देवळात शिरावं तशी शिरली, आणि तिचं तोंड सुटलं. छत्री, चपला, शाल, कंगवा, किल्ली, खडू. मेहुणी विचारायच्या आधीच उत्तर. बाईंसारखा हेलसुद्धा. मिस्त्री दारात उभा होता. तो आवाज ऐकून आपल्याला काहीतरी होईल असं त्याला वाटलं. काही झालं नाही. त्याला एवढंच दिसलं की मावशी वस्तूंकडे बघतच नाही, समोरच्या भिंतीकडे बघून बोलतेय.

“उभ्या गाडीचा ब्रेक सगळ्यांचाच लागतो,” तो म्हणाला.

वस्तू जागच्या हलल्याशिवाय शब्द आला की नाही ते कळणार नाही, हे मेहुणीला लगेच उमगलं. ती उठली आणि छत्रीकडे हात नेत म्हणाली, मग ही इथून काढते.

“नको.”

तो ओरडला नव्हता, पण मेहुणीचा हात जिथल्या तिथं थांबला. मग मेहुणी हळूच म्हणाली, भावोजी, मेट्रनच्या खोलीत ताईची शाल नसणार. मिस्त्री म्हणाला, ते मला कळतंय. कळतंय तर मग, असं ती म्हणणार होती, पण गिळलं तिने.

मावशीने दोघांकडे पाहिलं आणि चपला घालायला निघाली. “राहू द्या मिस्त्री. बाईंची खोली उसकटून मला वॉर्ड नको. धुलाईत काय माणसं मरतात का? बोटं सोलतात, तेवढंच. सालं काय, पुन्हा येतात.”

हे ती हसत म्हणाली. तिने चपलेचा अंगठा पकडायला हात खाली नेला तेव्हा तिची बोटं मिस्त्रीच्या समोर आली. सांध्यांवर नवी कातडी, गुलाबी आणि पातळ, उकळत्या दुधावरच्या सायीसारखी.

तो खोलीत गेला. खाटेखाली वाकला, बाईंच्या चपला काढल्या आणि त्या टेबलावर ठेवल्या. चपला टेबलावर ठेवलेलं बाईंना अजिबात खपलं नसतं, हे त्याच्या मनात आलं, आणि तसंच गेलं.

“व्हेअर?” त्याने विचारलं. पुढचं त्याला जुळवता येईना.

“अंडर द कॉट,” मावशी दारातून म्हणाली.

“बघून बोला.”

मावशी आत आली. तिने खाटेखाली पाहिलं, मग टेबलाकडे. तोंड उघडलं, मिटलं. तिला शब्द येत होता. त्या वस्तूला तो लावायचा धीर होत नव्हता. जणू बाईंच्या तोंडावर बाईंना खोटं पाडायचं. शेवटी ती पुटपुटली, ऑन द टेबल. मेहुणी म्हणाली, मोठ्याने. ऑन द टेबल.

मग तो हलवत गेला. छत्री खाटेवर, शाल खुर्चीखाली, कप शालीच्या शेजारी. बिसाइड्स, मावशी म्हणाली. मेहुणीने तो जास्तीचा ‘स’ काढायला लावला. किल्ली त्याने बटणांत टाकली. बिटवीन, मावशी म्हणाली. मेहुणीने विचारलं, किती बटणं आहेत, दोनच? अमंग, अमंग, मावशीने कपाळावर हात मारला. मधेच तिने मिस्त्रीलाच उलट विचारलं, कंगवा कुठं गेला? कंगवा त्याच्या खिशात गेला होता, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. इन युवर पॉकेट, ती म्हणाली, आणि कुणी हसलं नाही.

निघताना मेहुणीने विचारलं, सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवू का.

“उद्या पुन्हा वेगळं ठेवायचंय,” तो म्हणाला. “राहू दे.”

परीक्षेपर्यंत तो रोज कामावरून आला की मावशी यायच्या आधी खोली बदलायचा. वस्तू संपल्या तेव्हा खुर्ची फिरवली, टेबल खिडकीकडे नेलं. एके दिवशी एकट्याने खाट ओढून पलीकडच्या भिंतीला लावली. मावशी चुकायची, चिडायची, तुम्ही मिस्त्री आहात की जादूगार, असं विचारायची. मग हळूहळू ती आधी बघायला लागली आणि मग बोलायला. बाईंचा हेलही गेला. ती आपल्या आवाजात बोलू लागली, जरा घोगऱ्या.

परीक्षेचा निकाल मेहुणीने येऊन सांगितला. मेट्रनने ट्रे चक्क जमिनीवर ठेवून विचारलं होतं. मावशीने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं. तिला वॉर्डातच ठेवलं. मिस्त्री बरं झालं म्हणाला. मेहुणी म्हणाली, आता ड्रायव्हरचीही परीक्षा ठरलीय, तोही ताईच्या खोलीतच अडकलाय बहुतेक, वस्तू न बघताच बोलतो. पाठवू का? मिस्त्री म्हणाला, पाठव.

ती गेल्यावर तो पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसला. बाईंनी ठेवलेली एकही वस्तू आता बाईंनी ठेवलेल्या जागी नव्हती. आता मनाला लागेल, असं त्याला वाटलं. तो वाट बघत बसला. मागच्या गल्लीत कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून नळ बंद झाल्याचं त्याने ऐकलं. काही लागलं नाही. मग तो उठला आणि केर काढायला लागला, कारण खाट सरकवल्यापासून तिथली धूळ उघडी पडली होती आणि सोमवारी ड्रायव्हर यायचा होता.